न दुखणारी गाठ

1989 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांची जी हकीकत प्रसिद्ध केली, तिने स्त्रियांच्या आरोग्याविषयीचे पुष्कळ समज मुळापासून हलविले. तपासलेल्या 650 स्त्रियांपैकी 92 टक्क्यांना कोणता ना कोणता स्त्रीरोग जडलेला होता, आणि पूर्वी एकदा तरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या 8 टक्के होत्या. तो अभ्यास स्तनाच्या कर्करोगाचा नव्हता. परंतु देहाच्या ज्या भागाचे नाव चारचौघांत उच्चारण्याचीही सोय नाही, तेथील व्याधी स्त्री किती काळ निमूटपणे वागवीत राहते, याविषयीची त्याची साक्ष या रोगालाही लागू पडते.

कारण या रोगाचे पहिले चिन्ह बहुधा दुखत नाही. स्तनात किंवा काखेत टणक गाठ हाताला लागते; ती ठणकत नाही, ताप आणीत नाही, कामाला अडवीत नाही; आणि जे दुखत नाही ते दुखणेच नव्हे असे मानणाऱ्या कष्टकरी घरांत मोहफुले वेचून झाली की पाहू, तेंदूपानांचा हंगाम आटोपला की पाहू, धानाची रोवणी उरकली की पाहू, असे म्हणता म्हणता वर्ष सरते. गाठीखेरीज अन्य खुणाही ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत: स्तनाच्या त्वचेला खळी पडणे, ती संत्र्याच्या सालीसारखी जाड दिसू लागणे, पूर्वी बाहेर असलेले स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे, त्यावर न भरणारी जखम होणे, किंवा एका स्तनाचा आकार नव्यानेच बदलणे. बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे, कारण गाठ लपविली जाते ती भीतीपोटीच. मात्र ती निरुपद्रवी आहे की नाही, याचा निवाडा झाडपाल्याचा लेप लावून वाट पाहण्याने होत नाही. तो तपासणीनेच होतो.

गाठ लहान असताना, काखेतील ग्रंथींपर्यंत रोग पोहोचण्यापूर्वी हाती लागली, तर अनेकदा संपूर्ण स्तन काढावा लागत नाही, आणि रोग पुरता बरा होण्याची शक्यताही फार मोठी असते. पण अशी गाठ शोधणारी मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनाच्या क्ष-किरण तपासणीची, यंत्रे खेडोपाडी कोठून आणावीत? या प्रश्नाचा विचार मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने फार मोलाच्या रीतीने केला. 1998 पासून त्या शहरातील वस्त्यांमधील 35 ते 64 वर्षे वयाच्या दीड लाखांहून अधिक स्त्रियांचे दोन गट करण्यात आले, आणि एका गटातील स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, असे चार वेळा, केवळ हातांनी तपासले. या गटात सापडलेल्या रुग्णांपैकी बळावलेल्या अवस्थेतील 37 टक्के होत्या, तर दुसऱ्या गटात 47 टक्के. सर्व वयांचा एकत्र विचार करता मृत्यूंतील घट निर्णायक ठरली नाही, तरुण वयात तर ती दिसलीच नाही. पण पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी घटले. यंत्राविना, शिकविलेल्या बोटांनी साधलेले हे फळ मला अत्यंत आश्वासक वाटते.

आणि शिकविलेल्या हातांचे सामर्थ्य गडचिरोलीने आधीच सिद्ध केलेले आहे. येथील 39 गावांत ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार करून नवजात अर्भकांचे मृत्यू निम्म्याहूनही कमी केले. आज देशभर आशाताई घरोघर जाऊन अर्भकांची जी देखभाल करतात, तिची मुळे या जिल्ह्यात आहेत. तीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीची स्तनतपासणी दर पाच वर्षांनी आरोग्यकेंद्रात व्हावी, अशी सरकारी तजवीज आहे. तरीही 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वर्षे वयाच्या शंभर स्त्रियांमागे एकीचीही अशी तपासणी झालेली आढळली नाही. या तजविजीला खरा अर्थ यावयाचा, तर आशाताईने मोह वेचणाऱ्या बाईला तिच्या दारी, तिच्या बोलीत, गोंडी किंवा माडियातसुद्धा, या तपासणीचे महत्त्व समजावून सांगितले पाहिजे, आणि तपासणारे हातही स्त्रीचेच असले पाहिजेत.

गाठ सापडल्यावरचा प्रवास मात्र अजून खडतर आहे. सुई टोचली की कर्करोग पसरतो, या निराधार समजुतीपायी कित्येक जणी गाठीचा तुकडा काढून तपासायलाच नकार देतात, आणि निदान झाल्यावरही भामरागड किंवा जिवतीसारख्या दुर्गम भागातल्या बाईला उपचारासाठी नागपूर गाठणे म्हणजे घर, जनावरे व मजुरी सोडून कित्येक दिवस परमुलखात काढणे होय. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधे यांचा खर्च भागू शकतो; बुडालेल्या मजुरीची आणि सोबत्याच्या मुक्कामाची सोय कोण करणार, हे ग्रामसभेने, बचतगटाने आणि तालुक्याच्या आरोग्य कार्यालयाने एकत्र बसून, पुढची रोवणी सुरू होण्याआधी, ठरवावयास हवे.