एकच गोळी, तीन काळ : गर्भारपण, प्रसूती व स्तनपान यांतील वेदनाशमन

गर्भारपण हा आजार नव्हे; तरीही त्या नऊ महिन्यांत कंबर दुखते, छातीत जळजळते, पायांत गोळे येतात. अशा वेळी घरात पडून असलेली एखादी गोळी घेण्याचा मोह होतो आणि ‘मागे हिनेच बरे वाटले होते’, असे वडीलधारी मंडळीही प्रेमाने सुचवितात. परंतु औषधाची सुरक्षितता ते कोणत्या काळात घेतले जाते, यावरही अवलंबून असते, हे प्रत्येक कुटुंबाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक या परिचित वेदनाशामकांचेच उदाहरण घेऊ. विसाव्या आठवड्यानंतर ही औषधे बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम करून गर्भजल कमी करू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2020 मध्ये तसा इशारा दिला. शेवटच्या तीन महिन्यांत तर बाळाच्या हृदयाजवळची, जन्मापूर्वी उघडी राहणे आवश्यक असलेली रक्तवाहिनी त्यांमुळे आकुंचन पावण्याचा धोका असतो. अंगदुखीच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर ही औषधेही मिसळलेली असतात. म्हणून वेष्टनावरील घटक वाचावेत. वेदना वा ताप यांसाठी केवळ पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने, आवश्यक तेवढ्याच मात्रेत व अल्पकाळ घ्यावे. रक्तदाबाच्या धोक्यामुळे डॉक्टरांनी अल्प मात्रेतील ॲस्पिरिन दिले असल्यास मात्र ते परस्पर बंद करू नये.

पुष्कळशा तक्रारी औषधाविनाही सुसह्य होतात. मळमळीसाठी थोडे थोडे व वारंवार खावे. जळजळ होत असल्यास जेवल्यावर लगेच आडवे होऊ नये. कंबरदुखीत कुशीवर झोपून गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी व कोमट शेक द्यावा. बद्धकोष्ठतेसाठी भरपूर पाणी, फळे, पालेभाज्या व इसबगोल उपयुक्त ठरतात. एरंडेल घेऊ नये, कारण त्याने गर्भाशयाच्या कळा सुरू होऊ शकतात.

प्रसूतीच्या वेळी धीर देणारे माणूस जवळ असणे हाही एक उपचारच आहे. केंद्र शासनाने 2016 मध्ये सार्वजनिक रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्यास मान्यता दिली. चालणे, बसण्याची स्थिती बदलणे, कमरेला मालीश व दीर्घ श्वसन यांनी कळा सोसणे सुकर होते. कळा असह्य झाल्यास पाठीच्या कण्यातून दिले जाणारे एपिड्युरल हा प्रभावी पर्याय आहे. त्याने सिझेरियनची शक्यता वाढत नाही. मात्र बाळ बाहेर येण्यास काहीसा अधिक वेळ लागू शकतो. वेदनाशमनाची मागणी करणे हा मातेचा दुबळेपणा नव्हे.

बाळाच्या जन्मानंतर चित्र पालटते. गर्भारपणाच्या उत्तरार्धात वर्ज्य असलेले आयबुप्रोफेन दुधात अत्यल्प प्रमाणात उतरते. म्हणून स्तनपानाच्या काळात वैद्यकीय सल्ल्याने ते घेता येते. उलट कोडीनयुक्त औषधे टाळावीत. काही मातांच्या शरीरात कोडीनपासून त्वरेने मॉर्फिन तयार होते आणि बाळाचा श्वास मंदावू शकतो. स्तन दाटल्यास वा दुखरी गाठ आल्यास दूध पाजणे थांबवू नये. बाळाला नीट छातीशी धरून पाजावे व नंतर थंड पट्टी ठेवावी. थंडी वाजून ताप आल्यास त्वरित तपासून घ्यावे.

काही लक्षणे मात्र ‘नेहमीची’ समजून अंगावर काढू नयेत. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, पोटाच्या वरच्या भागात दुखणे, रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, तळहात व तळपायांना असह्य खाज, यांपैकी काहीही आढळल्यास रात्र असली तरी विनाविलंब रुग्णालयात यावे. डोकेदुखी व सूज ही लक्षणे प्रसूतीनंतरच्या आठवड्यांतही तितकीच गंभीर असतात. महाराष्ट्रात त्यासाठी 108 क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य उपलब्ध आहे.

वेदना निमूटपणे सोसणे किंवा मनाने गोळी घेणे, एवढेच दोन मार्ग मातेपुढे नाहीत. विचारून घेणे हा तिसरा मार्ग आहे आणि तोच माता व बाळ दोघांच्याही हिताचा आहे.