परसांतील रंगीत फुलकोबी

तालुक्याच्या कचेरींत मीं एकंदर अठ्ठावीस वर्षें कारकुनी केली. त्या काळांत पीकपाहणीचे गोषवारे माझ्या हाताखालून जात, व त्यांत 'भाजीपाला' या एका शब्दांत वांगीं, मिरची, कोबी, फुलकोबी असें सर्व कांहीं सामावलेलें असे. फुलकोबीचें झाड वाफ्यांत उभें असतां कसें दिसतें, हें मात्र स्वेच्छेनें निवृत्त होऊन गांवीं राहावयास आल्यावरच मीं नीट पाहिलें. आमचें गांव वाई तालुक्यांत आहे. घरामागें विहिरीलगत सुमारें दीड गुंठा परस आहे, आणि त्यांतील दोन वाफ्यांत गेलीं तीन वर्षें मी जांभळी व केशरी फुलकोबी करीत आहें. या रंगीत जातींविषयीं शेतकरीवर्गांत अलीकडे बरेंच कुतूहल उत्पन्न झालें आहे. यास्तव माझें जें चुकलें व जें साधलें तें वाचकांपुढें ठेवितों.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. हा रंग वरून दिलेला नसतो, किंवा मुळाशीं रंगीत पाणी घालूनही तो येत नाहीं. तो त्या त्या जातीच्या बीजांतच असतो. कॅनडा देशांत टोरांटो शहराच्या उत्तरेस ब्रॅडफर्ड येथील पाणथळ जमिनींत १९७० सालीं पांढऱ्या फुलकोबीच्या शेतांत एकच झाड केशरी गड्ड्याचें निघालें. गड्डा लहान व चवीसही उणा होता. तथापि तें झाड उपटून न टाकतां त्याचा वंश जपण्यांत आला. पुढें अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्यांत जिनीव्हा येथील संशोधन केंद्रांत त्याचा पांढऱ्या जातींशीं वर्षानुवर्षें संकर करण्यांत येऊन खाण्याजोग्या केशरी जाती तयार झाल्या. गाजरास ज्या द्रव्यानें रंग येतो तेंच बीटा-कॅरोटीन हींत सांठतें. जांभळ्या जातींतील अँथोसायनिन हें द्रव्य लाल कोबींत व जांभूळफळांतही असतें. हिरवट जातीचा रंग म्हणजे केवळ पानांतील हरितद्रव्य.

आपल्या देशांत दिल्ली येथील भारतीय कृषि संशोधन संस्थेनें २०१५ सालीं 'पुसा बीटा केसरी १' ही जात प्रसृत केली. तिच्या एक किलो गड्ड्यांत ८ ते १० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन असतें. पांढऱ्या फुलकोबींत तें नसल्यासारखेंच. परंतु गाजरांत व शेवग्याच्या पाल्यांत तें याच्या कित्येक पट असतें. म्हणून केशरी फुलकोबी आली कीं शेवगा तोडावा, असें कोणीं समजूं नये. शिवाय या जातीची शिफारस दिल्लीच्या परिसरासाठीं आहे. आमच्याकडे दुकानांत मिळतें तें बहुधा कंपन्यांचें संकरित बी होय.

आतां माझ्या फजितीकडे वळतों. माझा पुतण्या होतकरू शेतकरी आहे. शहरांत रंगीत फुलकोबीस पांढरीच्या दुप्पट भाव येतो असें कोठेंसें ऐकून तो एके दिवशीं म्हणाला, "काका, यंदा सोसायटीचें कर्ज काढून वीस गुंठे रंगीत फ्लॉवर लावतों." दोन फूट बाय दीड फूट अंतर धरिल्यास वीस गुंठ्यांत सुमारें सात हजार अडीचशें रोपें लागतात. मीं कागदावर बियाण्याचा हिशेब मांडून दाखविला, तेव्हां तो जरा थबकला. मग असें ठरलें कीं, दोघांत एक लहान पुडी घ्यावी आणि प्रथम माझ्या परसांत पीक काढून पाहावें.

पुडी घेतली ती मृगांत. दुकानदारानें बी बारमाही चालतें म्हणून सांगितलें, व मीं तें खरें मानिलें. पावसांत निम्मीं रोपें गादीवाफ्यावरच मानेशीं कुजून आडवीं झालीं. उरलीं तीं लावलीं. त्यांस पानें भरपूर आलीं, परंतु गड्डा धरण्याच्या सुमारास भाद्रपदाचें ऊन तापलें, आणि गड्डे विरळ, वर भातासारख्या कण्या फुटलेले, मधूनमधून हिरवीं पानें डोकावणारे असे निघाले. त्यांतही जांभळ्या गड्ड्यांस जांभळा रंग म्हणून नव्हता; धुवून विटलेल्या लुगड्याप्रमाणें ते फिकट होते. पुतण्यानें एक गड्डा हातांत घेतला, उलटसुलट पाहिला, आणि कांहीं न बोलतां परत ठेविला. वीस गुंठ्यांत हेंच घडलें असतें तर काय झालें असतें, हें दोघांसही न सांगतां समजलें.

चुका दोन होत्या. एक हंगामाची. फुलकोबीच्या प्रत्येक जातीस गड्डा धरण्याकरितां ठराविक गारवा लागतो, आणि आमच्या दुकानांतील रंगीत जाती बहुतेक थंड हवेच्या आहेत. त्यांचें बी आपल्याकडे नवरात्राच्या सुमारास पेरावें, दिवाळीच्या आसपास लागण करावी, म्हणजे गड्डा धरण्याचा काळ पौषाच्या थंडींत येतो व संक्रांतीच्या मागेंपुढें भाजी घरांत येऊं लागते.

दुसरी चूक माझ्या जाणतेपणाची होती. पांढऱ्या फुलकोबीचा गड्डा उन्हानें पिवळा पडतो, म्हणून तो सुपारीएवढा दिसूं लागला कीं वरचीं पानें ओढून सुतळीनें बांधावीं अशी चाल आहे. शेजारच्या मळ्यांत पाहून मींही मोठ्या तत्परतेनें प्रत्येक झाड बांधलें. जांभळ्या जातीस रंग चढतो तो उजेडानें! झांकलेल्या गड्ड्यास तो यावा कोठून? दुसऱ्या वर्षीं मुद्दाम निम्मे गड्डे बांधले व निम्मे उघडे ठेविले. जांभळ्यांत उघडे ते गडद, बांधलेले ते जवळजवळ पांढरे निघाले. केशरी जातींत झांकलेल्यासही रंग आला, पण उन्हांतला अधिक भरदार होता. तात्पर्य, रंगीत फुलकोबीचीं पानें बांधूं नयेत. उलट एखादें पान गड्ड्यावर आडवें आलें असेल तर तें बाजूस सारावें. यांत बांधणीची मजुरी वांचते, हा वेगळाच लाभ.

बाकी मशागत पांढरीप्रमाणेंच आहे. दहा फूट बाय सहा फूट वाफ्यांत वीस रोपें बसतात. बारा-चौदा किलो पूर्ण कुजलेलें शेणखत मातींत मिसळावें. एक ग्रॅम बियांत सुमारें तीनशें दाणे असतात, म्हणून घरापुरतें बी चिमूटभरच लागतें. रोप पंचवीस ते तीस दिवसांचें, चार-पांच पानांचें झालें कीं लगेच लावावें. लागण लांबवून जून झालेलें रोप लाविल्यास बोंडाएवढा गड्डा धरून तें तेथेंच थांबतें. काळ्या जमिनींत पाणी सांचूं देऊं नये, आणि गड्डा धरल्यावर ताणही देऊं नये.

एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावें. देंठ चिरल्यावर आंत पोकळ निघाला व गड्ड्यावर तपकिरी डाग दिसले तर तो बहुधा बोरॉनच्या उणीवेचा प्रकार असतो. पांढऱ्या गड्ड्यावर हे डाग सहज दिसतात. जांभळ्यावर ते रंगांत लपतात, आणि बाई विळीवर चिरूं लागली म्हणजे कळतें. वरील मापाच्या वाफ्यास लागणीपूर्वीं सहा ते आठ ग्रॅम टांकणखार मातींत मिसळला कीं पुरे. हात सैल सोडूं नये; अधिक झाल्यास तोच विषासारखा बाधतो.

किडींत चौकोनी ठिपक्यांचा पतंग हा मुख्य शत्रू. त्याच्या हिरव्या अळ्या पानांस चाळणीप्रमाणें भोंकें पाडतात. वाफ्याच्या कडेनें लागणीपूर्वीं पंधरा दिवस मोहरी पेरली तर पतंग तिकडे ओढला जातो. एक लिटर पाण्यास पन्नास ग्रॅम निंबोळीची कुटलेली गर रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळीं फवारल्यावर मला दुसरें औषध लागलें नाहीं. अर्थात् वीस झाडांची गोष्ट वेगळी. वीस गुंठ्यांवर एवढ्यानें भागेलच असें मी म्हणत नाहीं.

गड्डा घट्ट असतांनाच, कड सुटण्यापूर्वीं, सकाळीं कापावा. स्वयंपाकाविषयीं आमच्या घरांतून मिळालेली माहिती अशी: जांभळी फुलकोबी पाण्यांत उकडल्यास रंग पाण्यांत उतरतो व भाजी निळसर काळपट दिसते, त्यांत सोडा पडला तर हिरवट होते. थोड्या तेलाच्या फोडणीवर झांकण ठेवून वाफेवर शिजवावी, आणि आमसूल किंवा लिंबू घालावें, म्हणजे ती तांबूस जांभळी राहते. केशरी पाण्यांत रंग सोडीत नाहीं. तिचें जीवनसत्त्व तेलाच्या संगतीनें अंगीं अधिक लागतें.

दुसऱ्या वर्षीं परसांतील वाढावा पुतण्यानें वाईच्या आठवडे बाजारांत नेला. केशरी गड्डे हळदीच्या रंगामुळें लोकांस परके वाटले नाहींत व दुपारपर्यंत संपले. जांभळ्यांशीं मात्र बायका थबकत, बोट लावून पाहत, आणि "हा रंग हाताला लागंल का?" असें विचारून पुढें जात. दोन गड्डे चिरून आंतील पांढरा देंठ दाखविला तेव्हां कांहीं गेले, बाकीचे परत आले व शेजाऱ्यांत वांटले. शहरांतील गिऱ्हाइकाची गोष्ट निराळी असेल. पण तें गिऱ्हाईक आधीं ठरल्यावांचून जांभळी लावूं नये, असें आतां पुतण्याच म्हणतो.

त्यानें कर्ज काढलें नाहीं. यंदा त्यानें स्वतःच्या पैशांनीं दोन गुंठे लाविले, त्यांत तीन वाटे केशरी व एक वाटा जांभळी. बी मात्र दरवर्षीं विकतच घ्यावें लागतें. संकरित वाणाचें बी धरण्यांत अर्थ नाहीं, आणि थंड हवेच्या फुलकोबीचें बियाणें हिमाचलांतील कुलूसारख्या डोंगरी खोऱ्यांतच नीट तयार होतें. माझ्या पुडींतील उरलेले दाणे मीं कोरड्या राखेवर चिठ्ठी ठेवून, घट्ट झांकणाच्या डब्यांत बंद केले होते. ते पुढच्या नवरात्रांत पेरले तेव्हां बहुतेक सर्व उगवले.