अंधाराचे ऋण

तारा पाहणे म्हणजे भूतकाळ पाहणे होय. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावतो. तरीही रोहिणीपासून येथवर येण्यास त्याला सुमारे ६५ वर्षे लागतात. देवराष्ट्र्यात जन्मलेले, कऱ्हाडात वाढलेले यशवंतराव चव्हाण १९६० साली महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले, त्या सुमारास निघालेला किरण आज आपल्या डोळ्यांत उतरतो. मघेची योगतारा सुमारे ८० प्रकाशवर्षे दूर. तिचा आजचा प्रकाश निघाला तेव्हा सातारा-सांगलीच्या मुलखातील, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे पर्व नुकतेच सरत होते. कृत्तिकांचा उजेड तर शिवजन्माच्याही आधीचा!

भूमिगतांना आसरा देणारा अंधार मात्र आता गावोगाव हटतो आहे. प्रखर, वर तोंड केलेले दिवे आकाश पुसून टाकीत आहेत. मंद तारे प्रथम लोपतात आणि त्यांच्याबरोबर बहुधा सर्वांत जुना काळही. विदर्भातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये संरक्षित काळोख्या आकाशाची आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. मग कोयना-चांदोलीच्या रानांसाठी तसा आग्रह आपण का धरू नये? दिवे विझवावेत असे कोणी म्हणत नाही. त्यांना झाकण घालून त्यांचा झोत जमिनीकडे वळविला तरी पुरे. शिलालेख आपण जपतो. आकाशातील हा लेखही जपणे आपले कर्तव्य नव्हे काय?