तांबे विरघळवणारे जिवाणू

मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा बुडवला, की त्यावर तांबे चढते. हा प्रयोग आपण वर्गात दाखवतोच. स्पेनमधील रिओ तिंतोच्या खाणींतून झिरपणाऱ्या आम्ल पाण्यातून तांबे याच रीतीने मिळवत. पण धातुकातले तांबे पाण्यात उतरवतो कोण? १९४७ साली कोल्मर व हिंकल यांनी अमेरिकेतील कोळसाखाणींच्या आम्ल पाण्यात लोहाचे ऑक्सिडीकरण करणारे जिवाणू दाखवून दिले आणि उलगडा होऊ लागला.

हे जिवाणू तांबे ‘खात’ नाहीत. फेरस लोहातील इलेक्ट्रॉन काढून घेऊन ते ऊर्जा मिळवतात. त्यातून तयार झालेले फेरिक लोह धातुकातील सल्फाइडचे ऑक्सिडीकरण करते. तांबे विरघळते, लोह पुन्हा फेरस होते. जिवाणूंचे ताट पुन्हा भरते! म्हणूनच भट्टीत घालणे न परवडणारे कमी प्रतीचे धातुक ढीग रचून, त्यावर सौम्य आम्ल शिंपडून वापरता येते. भट्टीतला सल्फर डायऑक्साइडही टळतो.

मात्र सोडून दिलेल्या खाणीतही हेच चक्र चालू राहते आणि ओढे-नद्या आम्लधर्मी होतात. तेव्हा ‘उपयुक्त व हानिकारक जिवाणू’ हा धडा शिकवताना आपण मुलांना विचारू या : खाली अस्तर घातलेला ढीग आणि उघडी टाकलेली खाण, दोन्हींत जिवाणू तेच, मग फरक कोणी केला?