हात, पाय, डोळे

यंदा तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवाला मोझरीत पोचलो, तर महामार्गावरच्या एका फलकानं डोकंच फिरवलं. ‘पुरुषी हार्मोन कमी झालंय?’ असा सवाल, शेजारी पिळदार दंडाचा पोरगा, खाली मोबाईल नंबर. महाराजांनी १९३५ मध्ये इथं गुरुकुंज आश्रम वसवला. गावोगावच्या पोरांना प्रार्थनेला आणि व्यायामाला लावणाऱ्या त्या माणसाच्या दारात आता ताकद सुईतून मिळते म्हणे.

हे हार्मोन खरोखर गेलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्यासाठी कधी फलक लागला नाही. ती कुष्ठरोगी होती.

जुन्या काळाबद्दल फार सांगत नाही. १९३६ मध्ये मनोहरजी दिवाणांनी दत्तपूरला, १९४६ मध्ये डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीच्या तपोवनात कुष्ठसेवेचं काम सुरू केलं. त्या कामाबद्दल भक्तिभावानं लिहिणारे पुष्कळ आहेत. पुढची वर्षं डॅप्सोनची. एकच गोळी, वर्षानुवर्षं, कधी कधी जन्मभर. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

माझा काळ ऐंशीच्या दशकाचा. कुष्ठतंत्रज्ञ म्हणून सायकल आणि रजिस्टर हाती आलं, तेव्हा शेजारच्या वर्ध्यात बहुविध औषधोपचार सुरू झालेला होता. रिफाम्पिसिन, क्लोफाझिमाईन आणि जुनं डॅप्सोन, तिन्ही एका पाकिटात. क्लोफाझिमाईननं माणूस काळाठिक्कर पडायचा, पण बरा व्हायचा. ते दिवस उमेदीचे होते, हे मान्यच करतो. चट्टा दिसला की पिसानं स्पर्श करून बघायचं, कोपरामागची नस बोटाखाली चाचपायची, कानाच्या पाळीतून नमुना घ्यायचा. कानाचीच पाळी का? तर या जंतूला शरीराचा थंड भाग मानवतो.

आता थंड भाग म्हटल्यावर पुरुषाचे अंडकोष आलेच. निसर्गानं ते शरीराबाहेर ठेवले तेच थंड राहावेत म्हणून. ज्या रुग्णात जंतूंचा भार मोठा असतो, त्याच्यात जंतू तिथंही ठाण मांडतात. मग ‘रिॲक्शन’ येते. ताप, अंगावर लाल दुखऱ्या गाठी, आणि अंडकोष सुजून चालणं मुश्कील. असे झटके येत गेले की ते आकसतात. मेंदूखालची पियुषिका ग्रंथी संदेश पाठवत राहते, पण इकडे टेस्टोस्टेरॉन, म्हणजे तेच पुरुषी हार्मोन, तयार करणारं कोणी शिल्लक नसतं. दाढी विरळ होते, छाती वाढते, अंगातली कळा जाते, हाडं ठिसूळ होतात. रिॲक्शनसाठी महिनोन्‌महिने प्रेडनिसोलोन द्यावं लागलं, तर हाडांची आणखी दैना.

एक गडी आठवतो. मे महिन्यात विहिरीवर सगळे उघडे, हा मात्र बंडी घालूनच अंगावर पाणी घ्यायचा. तपासणीला बंडी काढायला लावली, तर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. दोन्ही छात्या बाईमाणसासारख्या वाढलेल्या. वरून आलेले साहेब हसले, ‘गोळ्या चालू ठेव’ म्हणाले आणि कार्डावर विकृतीच्या रकान्यात शून्य लिहिलं. नियमानं ते बरोबरच होतं. कुष्ठरोगातली विकृती मोजायची ती हातांची, पायांची आणि डोळ्यांची. बाकी शरीराला रकानाच नव्हता, आजही नाही. मी बैठकीत विषय काढला, तेव्हा चहा मागवण्यात आला.

त्याची बायको मला ओट्यावर थांबवून म्हणाली, “भाऊ, मले सासू वांझोटी म्हणते. बाबाच्या मठात नेते, अंगारा देते. याईले कोणी काई इचारत नाही.” कोण विचारणार? मूल का होत नाही, हे त्या दोघांना कोणी सांगितलंच नव्हतं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात होतं, ते २०१९ मध्ये निघालं. या बाईनं ते कारण कधी वापरलं नाही. मुकाट्यानं अंगारे खात राहिली.

गोळ्या पुऱ्या झाल्या की नाव रजिस्टरातून कमी. डिसेंबर २००५ मध्ये दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण असा आकडा गाठून देशानं निर्मूलन जाहीर केलं. वेगळी कुष्ठयंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत विरघळली. सत्कार झाले, आम्हालाही शाली मिळाल्या. जंतू गेले होते, पण आकसलेले अंडकोष गोळ्यांनी परत येत नाहीत. ती माणसं आज सत्तरीत आहेत. घसरून खुबा मोडला की ‘वय झालं’ म्हणतात. सकाळी रक्त घेऊन टेस्टोस्टेरॉन बघावं, हाडांची घनता मोजावी, हे कोणाला सुचत नाही. मधुमेहात हे हार्मोन घटलं, तरी हेच. मेळघाटातल्या सिकलसेलवाल्या पुरुषांचंही हेच. दुखणं मोठं असलं की ही तक्रार काढायची लाज वाटते, आणि डॉक्टरही ती विचारत नाही.

आणि ज्यांचं काहीच बिघडलेलं नाही, ते सुया टोचून घेतात. महोत्सवातच ओळखीचा एक जिमवाला पोरगा भेटला. वर्षभर इंजेक्शनं चालू आहेत, लग्नाला तीन वर्षं झाली, मूल नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की पियुषिका गप्प बसते आणि शुक्रजंतू तयार होणं थांबत जातं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तुझी तपासणी झाली का, म्हणून विचारलं. म्हणाला, “माही काहून? अमरावतीले बायकोची सोनोग्राफी चालू हाय ना, काका.”