विद्यार्थ्यांच्या गीतचित्राचे नियोजन : आखाडा बाळापूर परिसरातील हळदीच्या हंगामाच्या संदर्भात

गीतचित्राच्या बाबतीत काळ हा अगोदरच निश्चित झालेला असतो. कथापटाचा दिग्दर्शक एखादा प्रसंग लांबवू शकतो, नको वाटल्यास आखडता घेऊ शकतो. गीतचित्र करणाऱ्यास ही मुभा नाही. गीत चार मिनिटांचे असेल तर चित्रही चार मिनिटांचेच होणार, आणि ढोलाचा आघात ज्या क्षणी पडावयाचा त्या क्षणी तो पडणारच. सामान्य व्यवहारात ज्यास म्युझिक व्हिडिओ म्हणतात त्याचे नियोजन करताना विद्यार्थी बहुधा प्रथम एक गोष्ट रचतात आणि मग ती गीतावर बसवू पाहतात. गोष्ट सहा मिनिटांची निघते, गीत चारच मिनिटांचे असते, आणि संकलनाच्या टेबलावर दोहोंची ओढाताण सुरू होते. हा क्रम उलटा करणे, म्हणजे गीताच्या रचनेतून चित्राची रचना काढणे, हेच नियोजनाचे पहिले व बव्हंशी एकमेव तत्त्व आहे.

हा प्रश्न महाराष्ट्रास नवा नाही. बोलपटाच्या आरंभीच्या काळात नटाला कॅमेऱ्यासमोरच गावे लागे. वादक झाडाआड वा पडद्याआड दडवून बसवीत, आणि ध्वनिग्राहकाच्या टप्प्याबाहेर नटास सरकता येत नसे. १९३५ साली न्यू थिएटर्सच्या 'धूपछाँव' ह्या चित्रपटात गीते अगोदर मुद्रित करून घेण्याची पद्धत अवलंबिण्यात आली आणि पुढे ती सर्वत्र रूढ झाली. ध्वनी आधी, चित्र नंतर, हा आजच्या गीतचित्राचा पायाच त्या वेळी घातला गेला. पद्धत कोणतीही असो, गीताच्या रचनेचा विचार चित्रात किती खोलवर जाऊ शकतो हे पाहावयाचे असल्यास 'प्रभात'च्या 'माणूस' (१९३९) मधील शांता हुबळीकरांचे बहुभाषिक गीत अभ्यासावे. त्यात कडवे बदलते तशी भाषा बदलते, भाषा बदलते तसे समोरचे गिऱ्हाईक बदलते. गीताचे विभाग हेच प्रसंगाचे विभाग झाले आहेत. ज्या जागेवर 'माणूस' निर्माण झाला त्याच पुण्यातील जागेवर १९६० साली भारत सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट स्थापन केली, हा योगही चित्रपटाच्या विद्यार्थ्यास ठाऊक असावा.

आता पर्यायी रॉक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संगीतप्रकाराकडे वळू. अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकात महाविद्यालयीन नभोवाणी केंद्रांच्या आश्रयाने हा प्रकार वाढला आणि १९९१ च्या सुमारास 'निर्वाणा' ह्या वाद्यवृंदामुळे सर्वतोमुखी झाला. व्यावसायिक झगमगाटाविषयीची नावड हे त्याचे एक लक्षण. दुसरे आणि नियोजनाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे लक्षण म्हणजे शांत आणि प्रचंड ह्यांतील विरोध : कडवे दबक्या आवाजात चालते, ध्रुवपदाशी येताच गिटार आणि ढोल एकदम उसळतात. 'पिक्सीज' ह्या वाद्यवृंदाने ही रचना प्रतिष्ठित केली. जे गीत आपले बळ असे राखून ठेवते, त्याच्या चित्राने पहिल्याच क्षणी सर्व काही उधळून टाकले तर ते गीताच्या विरुद्ध गेले असेच म्हणावे लागेल.

ह्या परंपरेत द्रव्याभावातूनही काही उत्तम उदाहरणे निर्माण झाली आहेत. 'द रिप्लेसमेंट्स' ह्या वृंदाच्या १९८५ मधील एका गीतचित्रात जवळजवळ सर्व वेळ एक ध्वनिवर्धक पेटी तेवढी दिसते; वादक मुळीच दिसत नाहीत. 'पिक्सीज'नी १९९० मध्ये खडकांवरून उतरतानाचे अवघ्या काही सेकंदांचे चित्रण मंदगतीने ताणून संपूर्ण गीतास पुरविले. ह्याउलट 'आर. ई. एम.' ह्या वृंदासाठी जालंधरच्या तरसेम सिंग ह्यांनी १९९१ मध्ये केलेले चित्र सजावटीने समृद्ध आहे. परंतु तेथेही एक ठाम दृश्यकल्पना प्रथम निश्चित झाली आणि साधने तिच्यामागून आली. विद्यार्थ्यांनी अनुकरण करावयाचेच तर ह्या क्रमाचे करावे, खडकांचे किंवा ध्वनिवर्धकाचे नव्हे.

प्रत्यक्ष नियोजन कसे होते हे दाखविण्यासाठी एक स्थान घेणे बरे. आखाडा बाळापूर हे हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील, नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या मार्गावरील बाजारपेठेचे गाव. अकोला जिल्ह्यातील किल्ल्याच्या बाळापुराशी त्याची गल्लत होऊ नये. हिंगोली जिल्हा १९९९ साली परभणीतून वेगळा झाला. हळदीसाठी तो आज सर्वत्र प्रसिद्ध आहे. समजा, येथील पाचसहा पदवीधर विद्यार्थ्यांना आपल्याच वाद्यवृंदाच्या मराठी गीताचे चित्र करावयाचे आहे. त्यांचे पहिले लक्ष इसापूर धरणाकडे जाईल. जलाशय रम्य आहे खरा. परंतु तेथे परवानगीचा प्रश्न उपस्थित होतो, आणि मुख्य म्हणजे रम्य जलाशय कोणत्याही गीतामागे उभा करता येतो. हळदीचे तसे नाही.

हळद पिवळी असते ही सर्वांची समजूत. परंतु हंगामात गावात प्रत्यक्ष पाहिल्यास पिवळा रंग फार उशिरा भेटतो. साधारणतः फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी होते तेव्हा हळद मातीने माखलेली असते. मग ती कढईत किंवा वाफेच्या कुकरमध्ये शिजवितात. त्यानंतर दहापंधरा दिवस उन्हात वाळत घालतात, आणि ह्या अवस्थेत वाळलेल्या हळकुंडाची साल मळकट, खवलेदार व निस्तेज दिसते. फिरत्या ढोलात पॉलिश केल्यावर ती साल घासली जाते आणि तेव्हा कोठे बाजारात ओळखीचा असलेला पिवळा रंग बाहेर येतो. म्हणजे माती, वाफ, मळकट वाळवण आणि शेवटी रंग, असा चढता क्रम ह्या श्रमातच आहे. दबलेल्या कडव्यांतून शेवटच्या ध्रुवपदापर्यंत चढत जाणाऱ्या गीताला ह्याहून योग्य आधार शोधून सापडणार नाही. नियोजनाचा निर्णय येथेच होतो : शेवटचे ध्रुवपद येईपर्यंत पिवळा रंग चित्रात दिसू द्यावयाचा नाही. मग हाच नियम वेषभूषेला लागू होतो, पार्श्वभूमीवरील भिंतीला लागू होतो, आणि गायकाच्या मित्राने हौसेने आणलेल्या पिवळ्या शर्टालाही लागू होतो. नकार देण्यास असे एखादे कारण हाताशी असणे ही नियोजकाची मोठी सोय असते.

ह्यानंतर गणित. गीताची लय मिनिटास ९६ मात्रांची आणि आवर्तन चार मात्रांचे धरले तर एक आवर्तन अडीच सेकंदांचे होते. चार मिनिटांत ९६ आवर्तने बसतात. सेकंदास २४ फ्रेम ह्या गतीने चित्रण केल्यास एका मात्रेस नेमक्या १५ फ्रेम येतात, हा ह्या लयीचा एक आनुषंगिक लाभ. आरंभीचे वादन ८ आवर्तने, पहिले कडवे १६, ध्रुवपद ८, दुसरे कडवे १६, ध्रुवपद ८, मधला शांत भाग १६, शेवटचे ध्रुवपद १६, उपसंहार ८, अशी रचना गृहीत धरू. आरंभीच्या वीस सेकंदांना काढणी झालेल्या रानाचा एकच शॉट पुरे. पहिल्या कडव्यास वीस-वीस सेकंदांचे दोन, त्या पुढील ध्रुवपदास दहा-दहा सेकंदांचे दोन, दुसऱ्या कडव्यास चार, दुसऱ्या ध्रुवपदास पाच-पाच सेकंदांचे चार. मधल्या शांत भागात वाळवणाच्या अंगणाचा चाळीस सेकंदांचा एकच अखंड शॉट ठेवावा. प्रेक्षक अस्वस्थ होतो, आणि तेच हवे असते. त्यानंतर शेवटच्या ध्रुवपदात प्रत्येक आवर्तनास एक ह्याप्रमाणे सोळा शॉट, आणि उपसंहारास एक. एकूण एकतीस. एकतीस शॉट म्हणजे चार दिवसांचे काम. विद्यार्थ्यांची पहिली यादी शंभरापलीकडे जाते आणि म्हणूनच ती पुरी होत नाही.

चार दिवस हे मात्र सलग चार दिवस नव्हेत, अशी शंका येईल, कारण शिजविणे आणि पॉलिश ह्यांच्यामध्ये किमान दहा दिवसांचे अंतर पडते. व्यवहारात ही अडचण हंगामच सोडवितो. एकाच आठवड्यात एका रानात काढणी, दुसरीकडे शिजविणे आणि तिसऱ्या अंगणात पॉलिश चालू असते. तेव्हा कोणाकडे कोणत्या दिवशी काय चालणार आहे ह्याची चौकशी ही पटकथेइतकीच महत्त्वाची आहे. वाफेचे चित्रण पहाटे करावे. हवा गार असल्याने वाफ दाट दिसते आणि सूर्य तिच्या मागे ठेवता येतो. उन्हाळ्याकडे चित्रण ढकलणे सर्वथा टाळावे. ह्या अक्षांशावर मेच्या मध्यास माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि गायकाच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात.

ओठांची हालचाल आणि गीत ह्यांचा मेळ हा तांत्रिक भागातील सर्वांत नाजूक विषय आहे. चित्रणासाठी वाजवावयाच्या ध्वनिमुद्रणात गीतापूर्वी चार ठोके मुद्रित करून घ्यावेत, म्हणजे गायकास सुरुवात सापडते आणि संकलकास खूण मिळते. कॅमेऱ्यावरही ध्वनी मुद्रित होऊ द्यावा. तो वापरावयाचा नसतो, जुळवणीसाठी लागतो. ध्वनिवर्धक कॅमेऱ्याजवळ नव्हे तर गायकाजवळ ठेवावा. ध्वनी एका फ्रेमच्या अवधीत सुमारे १४ मीटरच जातो. गायक शेताच्या बांधावर पन्नाससाठ मीटर दूर उभा असेल तर तो तीनचार फ्रेम मागे पडतो, आणि मेळ चुकल्याचे प्रेक्षकाच्या ध्यानात येते. पॉलिशच्या ढोलाशेजारी कोणताही ध्वनिवर्धक ऐकू येणार नाही. तेथे गायकाच्या केसांखाली दडेल असे कर्णयंत्र लागते. भ्रमणध्वनीवर चित्रण करावयाचे असल्यास फ्रेमची गती हाताने २४ वर स्थिर करावी. बहुतेक यंत्रे ती आपल्याआप कमीअधिक करतात, आणि चार मिनिटांच्या गीतात मेळ हळूहळू सुटत जातो. आपल्याकडील वीज ५० आवर्तनांची असल्याने दिव्याखालच्या चित्रणात प्रकाश लुकलुकू नये म्हणून प्रत्येक फ्रेमचा प्रकाशनकाल सेकंदाचा पन्नासावा भाग ठेवावा. भर उन्हात मात्र हा काल फार मोठा ठरतो आणि भिंगासमोर करडी काच लावावी लागते. ढोलाजवळच्या उडत्या भुकटीपासून कॅमेरा प्लास्टिकने आणि माणसे रुमालाने झाकावीत.

हक्कांचा विचार वेळेवर होत नाही असा अनुभव आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार शब्द, संगीतरचना आणि ध्वनिमुद्रण ह्या तीन स्वतंत्र कृती होत. गीत मित्राचेच असले तरी कवी, संगीतकार आणि मुद्रण करवून घेणारा अशा तिघांची लेखी संमती घेणे इष्ट. परदेशी गीत घेऊन केलेले चित्र वर्गात दाखविणे आणि महाजालावर प्रसिद्ध करणे ह्यांत महदंतर आहे; वर्गापुरती मिळू शकणारी सवलत प्रकाशनास लागू पडेलच असे नाही.

ह्याहून कठीण प्रश्न संमतीचा आहे, आणि तो कायद्याने पुरता सुटत नाही. वाळवणाच्या अंगणात हळद पसरणाऱ्या, निवडणाऱ्या बायका रोजाने काम करीत असतात. चित्रणास मालकाने हो म्हटले म्हणजे त्यांनीही म्हटले असे धरण्याचा प्रघात आहे. तो सोडून द्यावा. शॉट पुन्हा घ्यावयाचा म्हणून त्यांना थांबविले तर कोणाचे तरी काम खोळंबते, आणि त्याचा बोभाटा मुकादमाकडून त्यांच्याच नावावर होतो. म्हणून हे शॉट एकदाच, काम चालू असताना, दुरून घ्यावयाचे असे नियोजनातच लिहून ठेवावे; पुन्हा घ्यावयाचे शॉट फक्त वाद्यवृंदाचे. त्यांच्या हातांनी गीताच्या ठेक्यावर चालावे अशी सूचनाही कोणी देऊ नये. जात्यावरच्या ओवीत श्रमाची लय गाण्याला मिळत असे. येथे गाणे बाहेरून आलेले आहे, आणि त्याची लय श्रमावर लादल्यास ते काम तत्क्षणी नाटकी दिसू लागते. हात आपल्या गतीने चालोत आणि गीत आपल्या गतीने. मधल्या चाळीस सेकंदांच्या अखंड शॉटमध्ये त्या दोन गतींचे एकमेकींपासून सुटणे हेच पाहण्यासारखे असते.

संकलनाची पहिली जुळवणी झाली की ती त्या बायकांना, शक्य तर कामाच्याच अंगणात, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत दाखवावी आणि नावे द्यावयाची की नाही हेही त्याच वेळी विचारून घ्यावे. एखादीने आपला चेहरा नको म्हटल्यास तो शॉट काढावा लागेल. हे गृहीत धरून हळदीचे, अंगणाचे आणि वाफेचे माणसाविना असे चार जादा शॉट, प्रत्येकी निदान वीस सेकंदांचे, आणि वाळवणाचा चाळीस सेकंदांचा एक, चित्रणाच्या वेळीच घेऊन ठेवावेत.