धुऱ्यावरचा धूर

परतवाड्यातून उत्तरेला पाहिलं की हिवाळ्यात गाविलगडाच्या रांगा हात लावावा इतक्या जवळ वाटतात. एप्रिलात त्याच रांगा पुसट होत जातात आणि एखाद्या दुपारी डोंगराच्या जागी नुसतं राखाडी आभाळ उरतं. हा धूर कुठला? शेतकरी वर मेळघाटाच्या जंगलाकडे बोट दाखवतो, वनमजूर खाली शेतांकडे. दोघांचंही अर्धं खरं आहे.

रानात सागाचा पाला गळून पायाखाली वाळत पडलेला असतो. मोह वेचण्यासाठी झाडाखाली लावलेली आग त्यात सहज शिरते. म्हणून 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम मानतात आणि त्याआधी आग अडवणाऱ्या जाळरेषा साफ करतात. खाली अकोला-अमरावतीच्या काळ्या जमिनीत पऱ्हाट्या, तुराट्या, गव्हाचं धसकट पेटतं. आणि पेटतात धुरे. वऱ्हाडात बांधाला धुरा म्हणतात. त्यावरचं वाळलं गवत पेरणीआधी जाळायची जुनी सवय आहे.

या आगींवर वरून नजर ठेवणारी यंत्रणा आता बरीच मुरली आहे. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था 2004 पासून उपग्रहांवरून वणव्याची सूचना देते. आधी टेरा आणि अ‍ॅक्वा या उपग्रहांवरच्या मोडिस उपकरणाचा आधार होता. त्याच्या चित्रातला एक चौकोन म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. 2011 साली सुओमी एनपीपी उपग्रह गेला, त्यावरच्या व्हिअर्स उपकरणामुळे चौकोन 375 मीटरवर आला. साध्या तापलेल्या जमिनीपेक्षा ज्वाळा चार मायक्रॉनच्या आसपासच्या अवरक्त किरणांत कितीतरी पटींनी उजळ दिसते, त्यामुळे चौकोनाचा छोटा कोपरा जळत असला तरी कळतं. मार्चमध्ये साग निष्पर्ण असतो, तेव्हा जमिनीवरून सरपटणारी आगही फार लपत नाही. सूचना मोबाईलवर थेट वनरक्षकापर्यंत जाते. मेळघाटात मात्र कित्येक ठिकाणी मोबाईलला रेंज नाही. तिथे वायरलेसच कामी येतो.

आग हा ठिपका असतो. धुराचं तसं नाही, तो पसरतो, विरतो, दुसऱ्या धुरात मिसळतो. रात्री तो गार हवेत दरीत कोंडून बसतो; ऊन चढलं की वर उठतो आणि वाऱ्याबरोबर निघतो. त्याचा माग काढायला इन्सॅट मालिकेचे उपग्रह हवेत. सुमारे 36,000 किलोमीटरवरून ते भारतावर सतत रोखलेले असतात आणि अर्ध्या-अर्ध्या तासाला चित्र पाठवतात. चित्रं एकामागोमाग लावली की धुराचा पट्टा सरकताना दिसतो. भरदुपारचं चित्र इथे फसवं ठरतं, कारण पातळ धूर उजळ जमिनीत हरवतो. सूर्य कलता असताना तोच धूर उठून दिसतो.

तरी प्रश्न उरतो की हा धूरच आहे, की उन्हाळी वावटळींची धूळ? धुराचे कण बारीक, म्हणून छटा निळसर, धूळ पिवळसर. त्याहून पक्की खूण कार्बन मोनॉक्साईडची. ती जळण्यातून येते, धुळीतून नाही. 2017 साली सोडलेला सेंटिनेल-5पी हा उपग्रह ती रोज मोजतो.

मला यातली सर्वांत मोठी फट वेळेची वाटते. सुओमी एनपीपी आपल्यावरून दुपारी आणि रात्री साधारण दीडच्या सुमाराला जातो. धुरा पेटवणारा माणूस तेव्हा पेटवत नाही. तो ऊन उतरायची, वारा पडायची वाट पाहतो. संध्याकाळी सहाला लावलेलं गवत नऊपर्यंत राख होतं. रात्रीच्या फेरीला ठिपका दिसत नाही, आणि आकडेवारीत ते शेत जळलेलंच नसतं. एका धुऱ्याचा धूर थोडासाच. पण एकाच आठवड्यात पूर्णेच्या खोऱ्यातले असे असंख्य धुरे पेटतात, आणि सकाळी अकोटच्या रस्त्यावर डोळे चुरचुरतात.

अशा आगीचा पुरावा उशिरा मिळतो. सेंटिनेल-2 चे दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी तीच जमीन दहा मीटरच्या बारकाईने टिपतात. अंजनगाव-अकोटकडच्या पायथ्याची एप्रिल-मे मधली चित्रं उघडून पाहावीत. वावरांच्या कडेने बारीक काळ्या रेघा दिसतात, आणि एखादी रेघ धुरा सोडून डोंगराच्या उतारावर रुंद होत गेलेली असते.